वेळापूरची धाव

पंढरपूरला निघालेला माणूस वेळापूरला थांबत नाही, हा आपला जुना रिवाज आहे. पुण्याकडून निघालेली मोटार फलटण, नातेपुते, माळशिरस अशी गावे मागे टाकीत वेळापूरच्या चौकात येते. ड्रायव्हर चहाला उतरतो, घरातली वडीलधारी मंडळी ‘आता पंढरपूर किती राहिले?’ म्हणून विचारतात आणि मुले उसाच्या रसासाठी हट्ट धरून बसतात. रस पोटात गेला की मोटार पुन्हा सुरू. डावीकडे अकलूजचा रस्ता गेला, उजवीकडे सांगोल्याचा गेला, एवढीच या गावाची आठवण प्रवाशाच्या पदरी राहते.

परंतु घटकाभर सवड काढून या चौकातून गावात शिरावे. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले हे गाव दोन मुलखांच्या उंबरठ्यावर बसले आहे. अकलूजच्या अंगाला नीरेच्या कालव्याचे पाणी आणि उसाचे हिरवे फड. सांगोल्याच्या अंगाला कोरडा माळ आणि आभाळाकडे लागलेले डोळे. गावात अर्धनारीनटेश्वराचे जुने हेमाडपंती देऊळ आहे आणि देवळापुढे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड. रामदेवराव यादवाच्या राजवटीतले, म्हणजे १३०० सालाच्या सुमाराचे, मराठी शिलालेख या गावी सापडले आहेत. आपण आज बोलतो ती भाषा सातशे वर्षांपूर्वी इथे कुणी तरी दगडात कोरून ठेवली, हे वाचले की त्या काळ्या दगडाबद्दल उगाच आपुलकी वाटू लागते. देवाचे नावही मोठे अर्थपूर्ण. अर्धे आणि अर्धे मिळून एक पुरे होते, असे सांगणारे.

पण वेळापूरची खरी ओळख देवळात नाही, ती धावण्यात आहे.

आषाढी वारीत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरच्या मुक्कामाला येते, तो दिवस पाहावा. वाटेत खुडूस फाट्याला गोल रिंगण होते. ज्याच्यावर कुणी बसत नाही असा माउलींचा अश्व वर्तुळात दौडत सुटतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते. पुढे धावाबावी माउली म्हणून एक ठिकाण लागते. इथल्या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून जे धावत सुटले ते धावतच राहिले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या आठवणीला दरवर्षी दिंड्यांमागून दिंड्या इथला उतार धावत उतरतात. हाच तो ‘धावा’.

आणि धावते कोण? डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी धावते, टाळ गळ्यात अडकवलेला सत्तरीचा गडी धावतो, पायाला भेगा पडलेली, गुडघ्याने दुखणारी, काठी टेकणारी माणसे आपापल्या चालीने धावतात. कोण पहिला आला हे कुणी विचारीत नाही. आपल्या भाषेची मौज अशी की देवाला आर्ततेने हाक मारणे यालाही आपण ‘धावा करणे’च म्हणतो. म्हणजे पायांनी केली ती धाव आणि मनाने केला तो धावा. वेळापूरच्या उतारावर या दोहोंत फरक करणे अवघड होऊन बसते.

वारी पुढे भंडीशेगाव, वाखरी करीत पंढरीला जाते आणि गाव पुन्हा आपल्या नित्याच्या धावण्याकडे वळते. ते धावणे म्हणजे खो-खो. कुठल्या गावात पेढे प्रसिद्ध असतात, कुठल्या गावात चादरी. वेळापुरात खो-खोचे खेळाडू तयार होतात. या खेळाला शहरी माणूस पोरखेळ समजतो, कारण शाळेच्या मैदानावर त्याने तो पोरपणीच सोडून दिलेला असतो. वास्तविक १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट घातली, तेव्हापासून तो चांगला कसाचा खेळ झाला आहे. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून चौकोनात बसायचे आणि नववा पाठलाग करायचा. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळे मैदान मोकळे. तो बसलेल्यांच्या मधून साखळी घालतो, हुलकावणी देतो, खांबाला वळसा घालून निसटतो. म्हणजे इथे नुसता वेग कामाचा नाही. क्षणात थांबणे, क्षणात वळणे आणि बसल्या जागेवरून क्षणात उसळणे, हे ज्याला साधले तो खो-खोपटू.

या मैदानात वाढलेल्या रामजी कश्यपने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला भरलेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचा गणवेश घातला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारतीय पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असे हरवले, तेव्हा रामजीने अंग हवेत झोकून मारलेला सूर पाहून इंदिरा गांधी क्रीडागारातला प्रेक्षक उभा राहिला असेल, तर वेळापूरकर त्याआधीच उभे होते. ज्या खेळाला फळी लागत नाही, बॅट लागत नाही, जाळे लागत नाही, दोन खांब आणि मऊ माती एवढ्यावर जो भागतो, त्या खेळाने एका साध्या घरातल्या मुलाला एवढे दूर नेले. माती सगळ्यांना सारखी, हे या खेळाचे मोठेपण.

इथेच मनात एक प्रश्न येतो आणि तो काही केल्या जात नाही. माती सगळ्यांना सारखी खरी, पण ज्याला पायच एक आहे त्याचे काय? संध्याकाळी शिट्टी वाजते, पोरे मैदानाकडे पळतात. अपघातात पाय गेलेला एखादा मुलगा अशा वेळी कुठे बसत असेल? आपल्या पोरांच्या खेळांत एका पायाला जागा नाही असे नव्हे. लंगडी हा तर आपला घरोघरचा खेळ; खो-खोचे कितीतरी गडी आधी लंगडीतच तोल शिकतात. पण लंगडी घालणाऱ्याचा दुसरा पाय नुसता दुमडलेला असतो. डाव संपला की तो खाली येतो.

या प्रश्नाला एक उत्तर विज्ञानाने दिले आहे. त्याचे नाव ब्लेड. ब्लेड म्हटले की आपल्याला दाढीचे पाते आठवते. हे पाते मात्र कार्बन फायबरचे, टाच नसलेले आणि इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे वळलेले असते. १९७६ साली अमेरिकेत व्हॅन फिलिप्स नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाचा पाय पाण्यावरच्या स्कीइंगच्या अपघातात गुडघ्याखाली गेला. त्याला जो कृत्रिम पाय मिळाला तो दिसायला पायासारखा होता, पण चालायला ओंडका. फिलिप्सने विचार फिरवला. पाय पायासारखा दिसला पाहिजे, हा हट्ट कशाला? तो पायासारखा वागला म्हणजे झाले. चित्त्याचा मागचा पाय डोळ्यांपुढे ठेवून त्याने लवणारे पाते घडवले आणि १९८४ साली त्याचा कारखाना काढला. पुढे या पात्याचे नावही ‘चीता’च पडले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. धावताना अंगाचा भार पडला की पाते दबते आणि उचलताना ती दाबलेली शक्ती परत देते. स्प्रिंगसारखे, पण घेतले त्याहून थोडे कमीच देते, जास्त कधीच नाही. आपल्या पोटरीचे स्नायू स्वतः जोर निर्माण करतात, पाते तो करू शकत नाही. म्हणून ब्लेडवाला सुरुवातीला मागे पडतो, वेग धरल्यावर मात्र सुसाट जातो. वळणावर त्याची पंचाईत होते. शर्यतीचा मार्ग डावीकडे वळत जातो, तेव्हा डाव्या पायाला ब्लेड असलेला धावपटू आतल्या बाजूने सुमारे ४ टक्के हळू पडतो, असे २०१६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. दोन्ही पायांना ब्लेड असतील तर नुसते स्वस्थ उभे राहणेसुद्धा कठीण. वेळापूरच्या खो-खोपटूला जे जे लागते, थांबणे, वळणे, उकिडवे बसून उसळणे, ते ते हे पाते देत नाही. सरळ धाव मात्र ते अशी देते की दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या जर्मनीच्या योहानेस फ्लोर्सने २०१९ साली दुबईत शंभर मीटर १०.५४ सेकंदांत पार केले. दोन धडधाकट पायांच्या किती माणसांना हे जमेल?

मग भांडण सुरू झाले नसते तर नवल! दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसचे दोन्ही पाय तो अकरा महिन्यांचा असताना कापावे लागले होते. तो ब्लेडवर धावू लागला आणि पाय असलेल्यांच्या बरोबरीने शर्यतीत उतरायचे म्हणाला. जर्मनीतल्या तज्ज्ञांनी मोजमापे घेतली आणि ठरावीक वेगाला त्याची शक्ती २५ टक्के कमी खर्च होते, असा निष्कर्ष काढला. जागतिक संघटनेने जानेवारी २००८ मध्ये त्याला बंदी केली. त्याच वर्षी मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो चारशे मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे शेवटचा आला. गंमत पुढेच आहे. महिन्याभराने पॅरालिंपिकमध्ये ब्राझीलच्या अलान ओलिव्हेराने त्याला दोनशे मीटरमध्ये हरवले, तेव्हा ‘याची पाती प्रमाणाबाहेर लांब आहेत’ अशी तक्रार खुद्द पिस्टोरियसनेच केली! पुढच्याच वर्षी त्याने आपल्या मैत्रिणीवर गोळ्या झाडल्या आणि त्या खुनाबद्दल तो तुरुंगात गेला. माणूस संपला, पण त्याने उभा केलेला प्रश्न मागे राहिला. पाते किती लांब असावे, त्यामुळे माणूस किती उंच होतो, हे ठरवायला आता सूत्रे आहेत. त्यांच्यावरूनही अमेरिकेच्या ब्लेक लीपरचा वाद २०२० साली लवादापुढे गेला आणि त्याची पाती फार उंच ठरली. पात्यावरूनच उडी घेणाऱ्या जर्मनीच्या मार्कस रेमने २०२३ साली लांब उडीत ८.७२ मीटरचे अंतर गाठले. पण ऑलिंपिकचे दार त्याला उघडले नाही.

हे सगळे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. भांडणारी मंडळी पायाचे मोजमाप घेत आहेत. धावणे पायातच असते, असे दोन्ही पक्षांनी धरून चालले आहे. ते तसे आहे का? पाय नसताना धावणे कसले, असे विचारणाऱ्याला हात नसताना पियानो कसला, असेही विचारता येईल. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरात मिळून गेले आहे.

त्या शहरात थिओडोर लेशेटिट्स्की नावाचे पियानोचे एक थोर गुरू होते. जन्म १८३० सालचा, आजच्या पोलंडमधला. वडील एका पोलिश उमरावाच्या वाड्यात संगीत शिकवीत. मुलाला त्यांनी बीथोव्हनच्या शिष्याकडे, चेर्नीकडे, शिकायला घातले. मुलगा चौदाव्या वर्षीच शिकवू लागला आणि मग जन्मभर शिकवतच राहिला. आधी सेंट पीटर्सबर्गला, १८७८ नंतर व्हिएन्नात. पुढे पोलंडचा पंतप्रधान झालेला पेडेरेव्हस्की हा त्यांचाच शिष्य. दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येत, आधी त्यांच्या साहाय्यकांकडे महिनोन्‌महिने पाया घटवून घेत आणि मग गुरूपुढे बसत. आपल्या गवयांच्या घरची तालीम आठवावी तसेच. लोक विचारीत, तुमची पद्धत कोणती? ते म्हणत, माझी पद्धतच नाही. ज्याचा जसा हात, त्याला तसे शिकवायचे.

या गुरूंकडे पॉल विटगेनस्टाइन नावाचा एक श्रीमंताघरचा तरुण शिकून गेला. १९१३ च्या डिसेंबरात त्याची पहिली मैफल झाली आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये, लढाईच्या पहिल्याच दिवसांत, गोळी लागून त्याचा उजवा हात गेला. वाजवणाऱ्याचा उजवा हात! आपल्या पेटीला डावा हात भाता हलवायला असतो. पियानोत दोन्ही हात स्वरांवर चालतात. दुसरा कुणी असता तर त्याने पियानो विकून टाकला असता. हा गडी सैबेरियात रशियनांच्या कैदेत पडला होता. तिथे त्याने एका लाकडी खोक्यावर कोळशाने पट्ट्या रेखल्या आणि न वाजणाऱ्या त्या पियानोवर डाव्या हाताचा रियाज मांडला. सुटून आल्यावर त्याचे दुसरे गुरू योझेफ लाबोर यांनी एका हातासाठी रचना करून दिली. हे लाबोर लहानपणापासून आंधळे होते. पुढे फ्रान्सच्या राव्हेलने खास त्याच्यासाठी डाव्या हाताचा कन्चेर्टो लिहिला आणि ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात तो त्याने वाजवला. लेशेटिट्स्की १९१५ सालीच वारले होते. शिष्याची ही दुसरी कारकीर्द त्यांनी पाहिली नाही. पण त्यांनी दिलेली विद्या गोळीबरोबर गेली नाही, एवढे खरे. ती उजव्या हातात नव्हतीच.

असे दाखले शोधायला व्हिएन्नाला जायचेही कारण नाही. वेळापूरहून सांगोल्याच्या रस्त्याने पुढे गेले की आटपाडी तालुका लागतो. तिथल्या करगणीच्या सचिन खिलारीचा डावा हात शाळकरी वयात सायकलवरून पडून कायमचा अधू झाला. त्याने इंजिनिअरिंग केले, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवले आणि उरलेल्या हाताने गोळा फेकला. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर फेकून त्याने रौप्यपदक आणले. सुवर्ण अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकले. त्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय गेले, तेव्हा ते पाण्यात उतरले. १९७२ साली हायडलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या पद्मश्रीला मात्र २०१८ साल उजाडावे लागले. शेहेचाळीस वर्षे!

या शेहेचाळीस वर्षांत आपले दुखणे सापडते. युरोप-अमेरिकेत भांडण आहे ते पात्यामुळे माणसाला फार मिळते की काय, याचे. आपल्याकडे प्रश्न आहे तो ते मिळतच नाही, याचा. आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झाले, आणि आजवर तिथून कितीतरी माणसे आपल्या पायांनी घरी गेली आहेत. १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून जो पाय घडवला, तो तर खास आपल्या माणसासाठी. तो अनवाणी चालतो, चिखलातून जातो, मांडी घालू देतो, उकिडवे बसू देतो. शेतकऱ्याला आणखी काय हवे? त्याची किंमतही गरिबाला पेलेल अशी. पण तो चालण्याचा पाय आहे, शर्यतीचा नव्हे. शर्यतीचे पाते बहुधा परदेशातून येते आणि त्याला काही लाख रुपये पडतात. शिवाय वाढत्या मुलाला ते एकदा घेऊन भागत नाही; मूल वाढते, पायाचा उरलेला भाग बदलतो, त्यावर बसणारी खोबण पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. पोराच्या नव्या चपलेसाठी दिवाळीची वाट पाहणाऱ्या घराने हे कुठून आणायचे? कारगिलच्या लढाईत पाय गमावलेले मेजर देवेंद्रपाल सिंग ब्लेडवर अर्धमॅरेथॉन धावले तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवाव्यातच. पण मेजरसाहेबांच्या मागे उभा राहून ‘मी पण?’ असे डोळ्यांनी विचारणारा खेड्यातला मुलगा त्या टाळ्यांनी धावत नाही.

त्याला काय लागेल, हे वेळापूरच्या मैदानात उमगते. त्याला पाते लागेल, हे उघड आहे. ते पाते सरकारने द्यावे, कारखान्यांनी द्यावे, आपल्या विज्ञानसंस्थांनी स्वस्त करून द्यावे. ज्या देशाने जयपूरचा पाय घडवला त्याला हे जड नाही. पण त्याच्याही आधी त्याला मास्तर लागेल. ज्याचा जसा पाय, त्याला तसे शिकवणारा. इथल्या मैदानावर एका चिमुरडीला खांबाचा वळसा दहादा, वीसदा, पन्नासदा घालायला लावणारा जो कुणी उभा असतो, तसा.

खो-खोमध्ये खो नेहमी पाठीमागून देतात. बसलेल्या गड्याला देणारा दिसत नाही. पाठीवर हात पडतो, कानावर शब्द येतो आणि तो उठून धावू लागतो. ज्याने खो दिला तो त्याच्या जागेवर बसून घेतो. शिक्षकाचा जन्म म्हणजे तरी दुसरे काय? आपल्याच भाषेत ‘खो घालणे’ असाही एक वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे चाललेल्या कामात मोडता घालणे. पाय गमावलेल्या मुलाला ‘तू बस, तुझ्याच्याने व्हायचे नाही’ असे मायेने सांगणारे आपण सगळे त्याच्या धावेला खो घालीत असतो. तेव्हा वाचकहो, पंढरीला जाताना या चौकात उसाचा रस जरूर घ्यावा, देवळात जाऊन त्या अर्ध्याअर्ध्याने पुऱ्या झालेल्या देवाला हात जोडावेत, आणि जमल्यास संध्याकाळी मैदानाच्या कडेला थोडे उभे राहावे. खो द्यायचा की घालायचा, हे तिथे कुणी न सांगता समजते.